अनारसे-जावेसाठी

“अनारशांची कृती द्यायचीच आहे गं, पण मेला माऊसच बिघडलाय!” थोरल्या जाऊबाईंनी यंदाची सबब सांगितली.

“माऊसवाचून अडत नाही, ताई,” म्हणत मृदुलानं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ ही कमांड टाइप केली. फोल्डरमधल्या फाइलींची नावं भराभर उमटली.

जाऊबाईंचा नाइलाज झाला. “‘अनारसे-जावेसाठी’ असेल बघ, तुझ्यासाठीच लिहून ठेवलीय,” म्हणत त्या चहा टाकायला गेल्या.

ती फाइल होतीच. पण तिच्या वरच्याच ओळीत ‘अनारसे-खरे’सुद्धा होती.

मृदुलानं आणखी दोन-चार कमांड बडवून दोन्ही फाइलींच्या नावांची गुपचूप अदलाबदल केली.

चहा घेऊन आलेल्या जाऊबाईंनी ‘जावेसाठी’ हे नाव दोनदा वाचून खात्री केली आणि स्वतःच्या हातानं कागद छापून दिला. “लिहिलंय तस्संच कर हो, मनाचं काही घालू नकोस!”