घोडेस्वाराचे जॅकेट

कडूबा बेठेकरांच्या एकुलत्या लेकीने, रचनाने, कॉव्हेंट्रीत जुन्या कापडांतून नवे कपडे शिवण्याचा इवलासा ब्रँड थाटला. वडिलांच्या पेटीतील छायाचित्रात गावाकडचा एक लाकडी फलक होता. त्यावरील घोडेस्वार तिने प्रत्येक जॅकेटवर मोठ्या हौसेने भरला. त्यांच्या कोरकू आदिवासी जमातीत असा फलक मृताच्या स्मरणार्थ कोरतात, हे कडूबांनी तिला कधीच सांगितले नव्हते.

“बाबा, टॅगवर काय लिहू? हॉर्सवरचा माणूस कोण आहे? आपला हेरिटेज आहे ना!”

“नक्षी म्हण,” कडूबा निर्विकारपणे म्हणाले.

“सो बोरिंग तुम्ही! बरं, तुमच्यासाठी लार्ज ठेवू?”

 

“मला नको. चार वर्षांच्या मुलाच्या मापाचं एक शिव. तुझा भाऊ तेवढाच होता.”