घरी काही बदल?

हल्ली सून डॉक्टरीणबाईंपुढे माझ्या चहाड्या सांगते. मेंदूतल्या लिम्फोमा नावाच्या कॅन्सरची किमो संपली. आता अंगातलेच शिपाई जागे करणारं इम्युनोथेरपीचं औषध म्हाताऱ्यांना लागू पडतं का, ते माझ्यावर तपासताहेत. आज सलाईन लावण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काही बदल?"

"सकाळी माझ्या चहाला भांड्यांचं धुवण म्हणाल्या. वर, तुझ्या आईनं तुला काही शिकवलंच नाही, म्हणाल्या!" सांगता सांगता बया रडायलाच लागली. "आजारात मला ओळखत नव्हत्या हो. 'अहो बाई' म्हणायच्या, परक्यासारखं. आमच्या सासूबाई परत आल्या, डॉक्टर!"

मी तिचा हात धरला. "डोळे पूस. आणि नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. आजारी माणसाला जपावं तर तुझ्यासारखं."