अस्सल जातीचा

पोहण्याच्या क्लासचा पहिला दिवस. मास्तरांनी आपला अस्वलाएवढा कुत्रा पालकांपुढे उभा केला. "ही जात मूळची थंड समुद्रावरच्या कोळ्यांची. पंजात बदकासारखे पडदे! बुडणारा माणूस दिसला की दंड तोंडात धरून काठावर आणणारच. रक्तातच आहे त्याच्या."

पाण्यात वीस पोरं हातपाय झाडत होती. कुत्रा मात्र जांभया देत पडून होता.

"बघा! कोण खरं बुडतंय, ते त्याला बरोबर कळतं," असं म्हणून मास्तरांनी स्वतः ऐटीत सूर मारला.

चार हात मारले नाहीत तोच कुत्र्याने धाडकन उडी घेतली आणि दंड धरून त्यांना काठावर आणून ठेवलं.

एक आजी पुढे आल्या आणि कुत्र्याकडे बोट दाखवत म्हणाल्या,



"आमच्या नातीला ह्यांच्या बॅचला घाला."