सांत्वनाची पाच मिनिटं

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी, तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावीच लागते. श्यामलाची खराडीच्या केंद्रावरची ही तिसरी खेप. "या वेळी नाही झालं तर नाद सोड बाई," नवऱ्यानं सकाळीच सुनावलं होतं.

प्रसंग होता, आई गेल्याचं मुलीला सांगा. मुलीची भूमिका करणाऱ्या परीक्षक बाईंना श्यामलानं एका वाक्यात ते सांगितलं. मग चौदा वर्षं वॉर्डात करत आली तेच केलं. पाणी दिलं, आणि हात हातात घेऊन नुसती बसून राहिली.

बाईंचे डोळे खरंच भरले. दाराशी सोडताना म्हणाल्या, "सिस्टर, माझी आई गेली तेव्हा तुम्ही हव्या होतात हो."



गुण मात्र परदेशात रेकॉर्डिंग ऐकून दिले गेले: "नापास. सांत्वन केले नाही."