हमखास शिवणारा कावळा

शहरातली स्मशानं बंद झाली होती. आता देहाचं खत होई आणि ते कचेऱ्यांच्या भिंतींवर चढवलेल्या बागांना जाई. श्रीरंग आणि वैजयंती या भावंडांचे वडील एका विमा कंपनीच्या लॉबीत, लिफ्टशेजारच्या मनीप्लांटखाली होते.

दहाव्याला टाय लावलेल्या व्यवस्थापकाने पिंडासाठी चकचकीत स्टँड पुढे केला. "निर्धास्त राहा सर. आपला कावळा शिवतोच. एकही कुटुंब आजवर ताटकळलेलं नाही."

"उत्तम," श्रीरंग फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत होती. कालच त्याने तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघितली होती. खरा कावळा अडून बसला, तर मुलाला सगळ्यांदेखत म्हणावं लागतं की आईला मी सांभाळीन. तेवढंच ऐकायला ती आली होती.

पानांतून यांत्रिक कावळा बाहेर आला आणि शिस्तीत खाली उतरू लागला. वैजयंतीने झटकन पिंडाची पत्रावळ उचलली.

"ताई, अगं शिवत होता ना!"

"शिवणारच. तुझ्यासारख्यांसाठीच तर पाळलाय त्यांनी. मी हे बाहेर पार्किंगच्या भिंतीवर ठेवते. काय कबूल करायचं ते तोवर ठरव."

व्यवस्थापक कळवळला. "मॅडम, बाहेरच्या कावळ्यांचा काही भरवसा नाही हो. संध्याकाळसुद्धा होईल."

"होऊ दे," आई म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी दाराकडे निघाली.