निरगाठ

"चांगुणामावशी, त्या खुर्च्या पाव्हण्यांच्या हायेत," उपसरपंच गोरक्षनाथ म्हणाला.

"मंग बराबर बसले," चांगुणाबाई म्हणाल्या आणि नातीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत आणखी ऐसपैस झाल्या. "पाच वर्सं सरपंच हुते मी. झेंड्याला आज पयल्यांदाच आले. माझ्यापरीस मोठी पाव्हणी दाव."

दावायला कोणी नव्हतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांचा फलक होता. त्यात खालून तिसरं नाव चांगुणाबाईंचं होतं, 'सौ.'सकट. त्या पाच वर्षांत गावात पंधरा वेळा झेंडा फडकला. पंधराही वेळा त्यांनी नवऱ्याच्या धोतराला खळ घातली आणि वस्तीवर बसून राष्ट्रगीत ऐकलं. वारा गावाकडून असला, तर शेवटपर्यंत ऐकू यायचं.

"एवढ्या थंडीत पोरीला कशाला आणलं पण?" गोरक्षनाथनं विषय बदलला. "टीव्हीवर दिल्लीचा झेंडा दावत्यात की. रणगाडे, इमानं."

"दिल्लीत तिची आई न्हाई."

तिची आई निकिता, म्हणजे गावची सरपंच, पलीकडे अंगणवाडीच्या बायांमध्ये उभी होती. सरपंचांची खुर्ची मांडलेली होती, पण तीत मच्छिंद्र बसला होता. मच्छिंद्र हा चांगुणाबाईंचा मुलगा आणि निकिताचा नवरा. निवडणुकीत मतं निकिताला पडली आणि हार मच्छिंद्रच्या गळ्यात. तेव्हापासून गाव त्यालाच सरपंच म्हणायचं आणि तोही ओ द्यायचा.

काल पाच वर्षांच्या मोनिकानं त्याला विचारलं होतं, "उद्या झेंडा मम्मी फडकवणार?"

"मम्मी जिलबी वाटणार," मच्छिंद्र म्हणाला होता आणि हसला होता. चांगुणाबाई हसल्या नव्हत्या.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माईकवर फुंकर मारली. सरकारनं ग्रामसेवकाचं नाव बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, पण गावाला ते कळवायचं राहून गेलं होतं. "यानंतर माननीय सरपंचांच्या शुभहस्ते ध्वजारोहण होईल," भाऊसाहेब म्हणाले. नाव घेतलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही सरपंचाचं नाव घेतलं नव्हतं. उठेल तो सरपंच, अशी त्यांची कामाची पद्धत होती.

मच्छिंद्र उठला. पांढरा कडक पोशाख, वर जाकीट, पायात नगरहून आणलेले नवेकोरे, घोट्याच्या वर जाणारे नाडीचे बूट.

"सावऽधान!" पीटीचे गुरुजी ओरडले. चांगुणाबाई नातीला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. दोन कुत्री सोडली तर सगळं गाव ताठ झालं.

खांबाभोवती रांगोळी होती. मच्छिंद्र रांगोळीपाशी पोचला आणि थांबला. झेंड्याच्या दोरीला हात लावायचा तर आधी पायताण काढायचं. आजवरचे सरपंच, म्हणजे सरपंचिणींचे नवरे, चपला घालून यायचे, त्यामुळे ही गोष्ट कधी कुणाच्या डोळ्यावर आली नव्हती. मच्छिंद्र वाकला. नाडी ओढली. सुटेना. दुसऱ्या पायाची ओढली. तीही सुटेना. टाच धरून बूटच ओढून पाहिला, तर बुटाऐवजी मच्छिंद्रच हलला.

"सरपंच, दात लावा दात," मागून कुणीतरी कुजबुजलं.

मच्छिंद्रला नाडी बांधता येत नसे. शाळेत जात होता तेव्हापासून. आज सकाळीही त्यानं सवयीनं आईपुढे पाय केला होता आणि आईनंही सवयीनं नाडी बांधली होती. फक्त सुरगाठीच्या जागी निरगाठ मारली. एकीवर एक तीन, दोन्ही पायांना, आणि वरून पाण्याचा हात लावला. ओली गाठ चांगली आवळते.

"निकिता," चांगुणाबाई म्हणाल्या. सावधानमध्ये मान हलवायची नसते, म्हणून त्यांनी ती हलवली नाही. "दोरी रिकामी हाय."

"मावशी, ही काय रीत हाय का?" गोरक्षनाथ दातांतल्या दातांत म्हणाला.

"सावधान हाय. गप ऱ्हा."

निकिता बायांमधून निघाली आणि सगळ्या मैदानावरून चालत आली. तिच्या पायात काहीच नव्हतं. चपला तिनं येतानाच फाटकाबाहेर काढून ठेवल्या होत्या. चांगुणाबाईंना हे आत्ता दिसलं. त्यांनी तर सुनेला काहीच सांगितलं नव्हतं.

"थांब," मच्छिंद्र खालून म्हणाला. "निकिता, थांब म्हणतो ना. एक मिन्ट."

"तुमचं चालू द्या," निकिता म्हणाली. त्याला वळसा घालून ती रांगोळीच्या आत गेली, पदर खोचला आणि दोरीला एक झटका दिला.

झेंडा उलगडला. झेंडूच्या पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या, खांद्यावर पडल्या, आणि उरलेल्या मच्छिंद्रच्या वाकलेल्या पाठीवर. आता राष्ट्रगीत सुरू व्हायचं, पण स्पीकरवाल्याला बटण सापडत नव्हतं. त्या शांततेत मोनिकाचा आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला.

"आज्जी, पप्पा मम्मीच्या पाया पडतोय?"

चांगुणाबाईंनी झेंड्यावरची नजर काढली नाही.

"पडू दे. गावची सरपंच हाय ती."