शिवलेले खिसे

एकाहत्तरच्या लढाईत नीलकंठ खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि सकाळी आमच्या कॉलेजकडून हॉकी खेळायचा. मी त्याचा कोच. खुराक म्हणून द्यायला माझ्याकडे जेमतेम दोन केळी असायची. फायनलच्या दिवशी तो पाळी संपवून थेट मैदानावर आला, तर दुसऱ्या कॉलेजचे सेक्रेटरी नोटांचं पाकीट घेऊन हजर. "रख लो भैया. पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळ, फी माफ." मी मान फिरवली. कोणत्या तोंडानं अडवणार? ते त्याच्या खिशात पाकीट सारायला गेले, पण हात नुसता कापडावरून घसरला. नीलकंठ ओशाळला. "खिसे शिवून टाकले जी. कारखान्याच्या गेटवर झडतीत वेळ जातो, अन् इकडे सर एकटे उभे राहतात." स्टिक उचलून तो मैदानात पळाला. त्यानं तिसरा गोल मारला, तेव्हा टाळ्या वाजवायला सेक्रेटरींनी पाकीट स्वतःच्या खिशात ठेवलं.